डी आणि टी: रेटिंग नेमकं कुणाच्या नजरेने द्यायचं?

वाटसरू

मंडळी, जिओकॅशिंगसाठी (जीपीएसवरून लपवलेला डबा शोधायचा खेळ) एक कॅश, म्हणजे असा डबा, लपवायची आहे. जागा हेरून झाली, डबा तयार आहे, कोऑर्डिनेट्स वेगवेगळ्या दिवशी घेऊन पडताळून झाले. गाडी अडली आहे ती फॉर्मवरच्या दोन आकड्यांपाशी: डिफिकल्टी (डी, शोधायला किती अवघड) आणि टेरेन (टी, तिथवर पोचायला किती खडतर).

जागा अशी आहे. गाडी लावायच्या जागेपासून जेमतेम दीड किलोमीटरची मळलेली पायवाट, जवळजवळ सपाट. मग एक ओढा. एरवी कोरडा असतो, दगडांवरून उड्या मारत पार होतो. पाऊस झाला की गुडघाभर पाणी. पलीकडे साधारण दहा मीटरची घसरडी चढण, पायाखाली सुटे दगड. वर खडकाची भिंत, तिला पंधरा-वीस कपारी, त्यांतल्या एकीत छातीच्या उंचीवर स्मॉल आकाराचा डबा आणि पुढे एक दगड लावलेला.

मला चालायची सवय आहे, म्हणून टी २ लिहायला हात शिवशिवतोय. डबा कुठे आहे हे मलाच ठाऊक, त्यामुळे डी तर १.५ वाटतो. बायकोला सोबत नेलं होतं, ती म्हणते टी ३.५ च्या खाली लिहिलंस तर लोक शिव्या घालतील. आता हे आकडे माझ्या नजरेने द्यायचे, सरासरी कॅशरच्या, की पहिल्यांदाच बाहेर पडलेल्याच्या?

सोळाआणे

वहिनी बरोबर आहेत, निदान निम्म्या तरी.

जिओकॅशिंगच्या साइटवरची पट्टी घे. टी १ आणि १.५ साठी चाल सुमारे ८०० मीटरच्या आत, जमीन सपाट. टी २ म्हणजे तीनेक किलोमीटरच्या आतली वाट, उभे चढउतार नाहीत, झाडोरा नाही. तुझी पायवाट इथे छान बसते. पण तू पायवाटेवर डबा लपवलेला नाहीस, दहा मीटर वर लपवलायस. टेरेन ठरतो तो वाटेतल्या सर्वांत वाईट तुकड्यावरून. सगळ्या वाटेची सरासरी काढायची नसते. "बाकी सोपं आहे हो, शेवटचंच जरा" असं म्हणणारे कॅश-मालक मी खूप पाहिले. त्या 'जरा'पाशी ज्याचे गुडघे नको म्हणतात, त्याला आधीचा दीड किलोमीटर सोपा होता हे कळून काय करायचंय? तो तिथून परतच येणार आहे.

माझ्या मते टी ३. ओढ्याचं नंतर बोलू.

नवखी

खूप बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. दोन वेगळे आकडे कशाला? एकच एकूण आकडा दिला असता तर नसतं चाललं?

रानवाटा

नवखी, हसत नाही. टी म्हणजे तिथवर शरीर न्यायला किती पडेल, आणि डी म्हणजे पोचल्यावर (किंवा घरी बसून कोडं सोडवताना) डोकं, डोळे आणि चिकाटी किती लागेल. दोन्ही मिसळले तर उपयोगच संपतो. समजा 'एकूण ३' लिहिलंय. तो डोंगर आहे की कोडं? लहान मुलाला घेऊन जायचं की नाही, बूट कुठले घालायचे, यातलं काही त्या आकड्यातून कळणार नाही.

दोन्ही आकडे १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. म्हणजे प्रत्येकी नऊ पायऱ्या. डी ची ढोबळ पट्टी वेळेवर आहे: डी १ म्हणजे काही मिनिटांत सापडावा, १.५ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, २ म्हणजे अर्ध्या तासाच्या आत. वर सरकलं की घड्याळ सुटतं आणि कौशल्य येतं. डी ४ ला तयारी करून जावं लागतं, कदाचित पुन्हा जावं लागतं. डी ५ ला खास ज्ञान किंवा खास हत्यार.

वाटसरू, तुमच्या डी बद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही. खडकाच्या भिंतीशी जीपीएस नीट चालत नाही. उपग्रहाचा संदेश भिंतीवर आपटून येतो आणि बाण भरकटतो. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमधला मुद्दाम घातलेला दोष काढला, तोवर शंभरेक मीटरची चूक गृहीतच असे. दोष गेला आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मरने पहिली बादली लपवली. हा खेळ उभाच त्या सुधारणेवर आहे. आता मोकळ्यावर चूक तीन-पाच मीटर, पण कड्याखाली ती सहज दहाच्या वर जाते. म्हणजे तुमच्या पंधरा-वीस कपारी शोधणाऱ्यासाठी त्याहून जास्त होतात, कारण भिंतीच्या कुठल्या टोकापासून सुरुवात करायची तेच त्याला कळत नसतं. डी १.५ विसरा. २.५ धरा, हिंट चांगली दिलीत तर २.

कोडेकर

रानवाटांशी सहमत. वर एक भर.

लपवणाऱ्याने स्वतः डी ठरवणं हाच मुळात विनोद आहे. उत्तर माहीत असलेल्या माणसाला कोडं किती अवघड आहे हे कळूच शकत नाही. मी मिस्टरी कॅश (जिची जागा आधी कोडं सोडवून काढायची) करतो तेव्हा आधी कोडं दोघांना देतो: एक मुरलेला, एक या खेळात नसलेला पण डोक्याने तल्लख. मुरलेला अडकला की समजायचं डी ४ च्या पुढे. दुसरा कुठे थांबतो ते जास्त मोलाचं, कारण बहुतेक वेळा तो कोड्यात अडत नाही, तर 'इथून पुढे काय करायचं असतं' याच्यात अडतो. ते अवघडपण नसतं, माझं लिहिणं अपुरं असतं. तेवढं दुरुस्त करतो, डी चढवत नाही.

शिवाय एकाच आकड्यात दोन अवघडपणं कोंबावी लागतात. कोडं सुटायला आठवडा, आणि डबा मात्र खांबामागे लोंबकळतोय. अशा वेळी मी जास्तीचा आकडा घेतो, डी ४, आणि वर्णनात लिहून टाकतो की जागेवर पोचलात तर डोळे मिटून सापडेल. लोकांना निदान जागेवर तासभर गवत उपसावं लागत नाही.

उत्तर तपासायचा चेकर लावलात तर चुकीच्या प्रयत्नांचा आकडा दिसतो. डी बरोबर आहे का हे त्यातून जितकं कळतं तितकं लॉगमधून (शोधणाऱ्यांच्या नोंदींतून) कधीच कळत नाही. लॉगमध्ये सगळेच हुशार असतात.

गुगली

+१ शेवटच्या वाक्याला

तिरकस

सगळे फार सोज्वळ बोलताय. निम्मे डी ५ हे आळसाचे असतात, हे कुणीतरी म्हणा की.

दगडांचा ढीग, त्यात शेंगदाण्याएवढा नॅनो. झालं, डी ५. यात कल्पकता कुठे आहे? गवताच्या गंजीत सुई टाकायला कुणाला डोकं लागतं? आणि लोक येऊन तो ढीग उपसतात, आसपासची जुनी दगडी बांधाची भिंत उसकटतात, मग जागेचा मालक चिडतो आणि परिसरातल्या सगळ्यांच्या कॅश जातात.

दुसरा प्रकार त्याहून चलाख. डबा गायब झालाय, मालकाला जायचा कंटाळा. डीएनएफ ('सापडला नाही' अशा नोंदी) येतायत. पण कॅश डी ४.५ आहे ना! "अवघडच आहे, नीट शोधा." वर्षभर लोक नसलेल्या डब्याला शोधतायत.

सोळाआणे

तिरकसराव, हा दुसरा मुद्दा नीट धरून ठेवण्यासारखा आहे, कारण डी चा खरा रोजचा उपयोग तिथेच आहे. डीएनएफ वाचायचा कसा, हे डी वरून ठरतं. डी १.५ वर ओळीने तीन डीएनएफ आले, त्यातही जुन्या लोकांचे, तर डबा गेला असं धरून चाला. डी ४ वर तेच तीन डीएनएफ काहीच सांगत नाहीत. साइटचा हेल्थ स्कोअरसुद्धा (कॅश ठीक आहे का याचा अंदाज देणारा अंक) डीएनएफ मोजताना रेटिंग विचारात घेतो. म्हणजे खोटा चढवलेला डी हा नुसता फुशारकीचा प्रश्न राहत नाही, तो देखभालीची घंटाच काढून ठेवतो. उलट खोटा उतरवलेला डी असेल तर धडधाकट डब्यासाठी मालकाला फुकटच्या फेऱ्या.

आणि एवढं करूनही, डी चुकला तर माणसाचा वेळ जातो. टी चुकला तर पाय जातो. दोन्हींत शंका असेल तर मी डी खाली ठेवतो आणि टी वर.

चाकांवरून

टी वर ठेवण्याचं म्हणताय ते पूर्ण पटलं, पण तुमची सगळी चर्चा चढणीवर चालली आहे. खालच्या टोकाचं बोलू का?

मी व्हीलचेअर वापरते. माझ्या दृष्टीने अख्ख्या पट्टीत सर्वांत महत्त्वाची अर्धी पायरी टी १ आणि टी १.५ यांच्यामधली. बाकीच्यांना ते दोन्ही 'सोपं' वाटतं. मला एकात जाता येतं, दुसऱ्यात नाही. टी १ याचा अर्थच व्हीलचेअरने जमेल असा आहे, आणि तरी लोक तो 'एकदम इझी' या अर्थाने ठोकून देतात.

नेहमीचं दृश्य सांगते. रस्ता गुळगुळीत, उतार नाही, कॅश-पानावर टी १. पोचते. डबा पदपथाच्या पलीकडच्या कठड्याला, आतल्या बाजूने, खाली घोट्याच्या उंचीवर चुंबकाने चिकटवलेला. पदपथाला चढायला उतरता कोपरा नाही. समजा चढले, तर कठड्याच्या आत हात घालून खाली वाकायचं कसं? खुर्चीचं पायठेवणं आधी कठड्याला लागतं, मी अजून हातभर लांबच असते. किंवा डबा जमिनीवर नीट ठेवलेला, पण भोवती खडी पसरलेली. खडीत पुढची छोटी चाकं रुततात आणि मग मागेही येता येत नाही. किंवा फाटक, ज्यातून सायकल जाऊ नये म्हणून नागमोडी केलेलं असतं.

तेव्हा टी १ लिहिण्याआधी खुर्ची आणा घरातली, तिथे ठेवा, बसा, आणि न उठता डबा हातात घेऊन उघडून, लॉगवर सही करून परत ठेवून दाखवा. जमलं तर टी १. नाहीतर १.५ लिहा, मला अजिबात राग नाही. राग खोट्या १ चा येतो, कारण त्या आकड्यावर विसंबून मी कुणाला तरी गाडी काढायला लावलेली असते.

नवखी

हे मला खरंच माहीत नव्हतं. टी १ म्हणजे फक्त सोपं असंच वाटत होतं.

रानवाटा

चाकांवरून, उत्तम प्रतिसाद. खुर्चीची चाचणी माझ्या सगळ्या टी १ ना लावून बघतो.

खारूताई

आता वरच्या टोकाचं मी बोलते, मी झाडांवर लटकत असते म्हणून.

टी ५ म्हणजे '४.५ पेक्षा अवघड' असं जवळजवळ सगळे समजतात. ती पायरी वेगळ्याच जातीची आहे. टी ५ म्हणजे साधन लागतं: बोट, दोर, स्कुबा. डोंगरातली पंधरा-वीस किलोमीटरची जीव काढणारी चाल, पण हातपायांवर होते, तर ती टी ४ किंवा ४.५. आणि शांत तळ्यात वल्हवत जायचं दहा मिनिटांचं बेट? टी ५. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर रिचर्ड गॅरिअटने २००८ मध्ये कॅश ठेवली, तीही टी ५. अटलांटिकच्या तळाशी सुमारे २,३०० मीटर खोल त्याचीच दुसरी एक कॅश आहे, तिथे पाणबुडीशिवाय कोण जाणार? आणि माझ्या तळ्यातलं बेट त्यांच्याच रांगेत. गंमत वाटते, पण तर्क बरोबर आहे. आकड्याने सांगायचं एवढंच असतं की 'नुसता हात हलवत येऊ नकोस'. किती कष्ट पडतील ते वर्णनात आणि ॲट्रिब्यूटमध्ये सांगा: बोट, पोहणं, झाडावर चढणं, पाण्यातून चालणं, सगळ्यांची चिन्हं आहेत.

झाडावरच्या टी ५ मध्येही दोन जाती. एक, खालच्या फांद्यांवर हात टाकून चढता येतं. ते माझ्या लेखी टी ४ फार तर. दुसरी, पहिली फांदीच दहा मीटरवर. तिथे आधी वजन बांधलेली बारीक दोरी फांदीवरून फेकायची, मग तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा, दोघांनी मिळून त्यावर भार टाकून फांदी करकरते का ऐकायचं, मग हार्नेस. कुठल्या फांदीवर दोर टाकायचा हे खालून ओळखण्यात निम्मं काम असतं. हिरवी दिसणारी फांदी बुंध्यापाशी पोकळ निघू शकते. हे मालकाने आधी सांगितलेलं नसतं, आणि लोक पायात चपला घालून येतात.

तिरकस

आणि मग एकजण चढतो, खाली सहाजण फोटो काढतात, आणि सातही जणांच्या खात्यात टी ५.

खारूताई

माहीत होतं हे येणार. :)

नियम एवढाच की नाव लॉगबुकात हवं. डबा खाली आणला, सगळ्यांनी सही केली, चूक काढायला जागा नाही. मला विचाराल तर दोर धरणारा, फांदी निवडणारा, खालून नजर ठेवणारा हे सगळे त्या चढाईत आहेत. गाडीत बसून गाणी ऐकणारा नाही. पण हे तपासणार कोण? मी तरी पोलीसगिरी करत नाही.

कोडेकर

हेच डी ५ लाही लागू. कोडं एकाने सोडवलं, कोऑर्डिनेट्स पन्नास जणांच्या ग्रुपवर. टी ५ वर निदान कुणाचा तरी घाम गळतो.

गुगली

माझा जुना किडा. डबा फांदीला हुकाने टांगलाय, सहा मीटर वर. खाली सपाट गवत. लांबवता येणारी काठी आणली, टोकाला आकडा लावला, की डबा खाली. हे डी की टी?

सोळाआणे

डी. जमीन सपाट आहे, शरीर कुठेही न्यायचं नाही. टी १.५, डी काठी जमवायला आणि हूक अडकवायला किती खटपट आहे त्यावर.

खारूताई

टी ५. साधन लागतं, पट्टीत तसं लिहिलंय. काठी नसेल तर झाडावर चढावंच लागेल.

सोळाआणे

पट्टीत डी ५ समोरही खास हत्यार लिहिलेलं आहे. मग साधन म्हटलं की डी का टी हे कसं ठरवणार? माझी कसोटी: साधन माणसाला हलवत असेल (बोट, दोर) तर टी. डब्याला हलवत किंवा उघडत असेल (काठी, चुंबक, अतिनील टॉर्च) तर डी.

खारूताई

कसोटी छान आहे, पण मग टी १.५ बघून काठीविना आलेला पोरगा झाडावर चढेल त्याचं काय? तो चढणारच. मी मालक असते तर केवळ त्या पोरासाठी टी ५ लिहिलं असतं.

गुगली

म्हणजे एक म्हणतो मालकाने ठरवलेल्या पद्धतीचं रेटिंग, दुसरी म्हणते लोक प्रत्यक्षात काय करतील त्याचं.

रानवाटा

दोघांच्या मधे 'खास साधन लागेल' हे ॲट्रिब्यूट आहे ना, ते लावा आणि पहिल्या ओळीत काठी लिहा. आकड्यांकडून एवढी अपेक्षा करू नये. मी दोन्ही प्रकारची रेटिंग असलेल्या अशा कॅश पाहिल्यात, आणि रिव्ह्यूअरनी (कॅश तपासून मंजूर करणाऱ्यांनी) दोन्ही सोडलेल्या.

नवखी

अवांतर: ८१ ची भानगड काय आहे? सगळ्यांच्या प्रोफाइलवर तो चौकोनी तक्ता दिसतो.

चकवा

नऊ डी गुणिले नऊ टी, ८१ घरं. प्रत्येक घरातली किमान एक कॅश सापडली की तक्ता भरला. एका जुन्या कॅशरच्या टोपणनावावरून त्याला फिझी म्हणतात; त्यावर चॅलेंज कॅश (ठरलेली अट पुरी केली तरच नोंदवता येणाऱ्या) निघाल्या आणि रोग पसरला. (मलाही झालेला आहे.)

रेटिंगची सर्वांत जास्त नासाडी या तक्त्याने केली असं माझं स्पष्ट मत. १.५/१.५ च्या घरात शेकड्यांनी, पण डी ५/टी १ किंवा डी १/टी ५ च्या घरात जवळपास काहीच नसतं, कारण तशा कॅश नैसर्गिकपणे घडतच नाहीत. मग मालक मुद्दाम घडवतात. रिकाम्या घराला गिऱ्हाईक असतं: साध्या डब्याला विचित्र रेटिंग दिलं की लोक लांबून येतात, फेव्हरिट पॉइंट (पसंतीची मतं) पडतात. म्हणजे आकडा जागेवरून ठरायचा सोडून मागणीवरून ठरायला लागला.

दुसरं, पूर्वी रेटिंग बदललं की शोधून गेलेल्यांच्या तक्त्यातही बदलायचं, कारण आकडेवारी कॅशच्या ताज्या रेटिंगवर चालायची. माझ्या एका कॅशकडे जाणारा लाकडी जिना मोडला, मी टी २ चा ३.५ केला. दुसऱ्या दिवशी निरोप: "कृपया पूर्ववत करा, माझं ४.५/२ चं घर रिकामं झालं." जिना मोडलाय हो! नव्याने जाणाऱ्याला दोर नसला तरी निदान बूट तरी लागणार आहेत.

तिरकस

पूर्ववत केलंस?

चकवा

नाही. दुसरी ४.५/२ कुठे मिळेल ते शोधून कळवलं त्याला. बरेच मालक अशा वेळी जुनी कॅश बंद करून नव्या रेटिंगची नवी टाकतात, तेही चांगलं. जागेत मोठा बदल झाला असेल तर मी तोच सल्ला देईन. अर्ध्या पायरीची दुरुस्ती मात्र पहिल्या पाच-दहा लॉगच्या आतच उरकावी, म्हणजे कुणाचं काही मोडत नाही.

नवखी

पण पहिले लॉग विश्वासाचे असतात का? एफटीएफवाले (सर्वांत आधी शोधणारे) तर सगळे पट्टीचे असतात.

रानवाटा

चांगलं पकडलंस. एफटीएफवाल्याला सगळं सोपं असतं. विजेच्या खांबाच्या तळाला असलेलं धातूचं झाकण उचललं की खाली डबा, ही युक्ती एकदा पाहिली की पुढच्या वेळी डी १.५ सुद्धा जास्त वाटतो. ज्याने कधी पाहिली नाही तो त्या खांबाभोवती अर्धा तास फिरेल, आणि ते झाकण उचलता येतं हे त्याच्या मनातही येणार नाही. त्यामुळे मी लॉग वाचताना लिहिणाऱ्याच्या फाइंड्सचा आकडा बघतो. शंभराच्या आतला माणूस "बराच वेळ लागला" म्हणाला तर ती माझ्यासाठी मोजपट्टी. हजारोवाला "पटकन सापडला, टीएफटीसी" (कॅशबद्दल आभार) म्हणाला तर त्यातून काही कळत नाही. हजारोवाल्याने "घाम फुटला" लिहिलं, तर मात्र लगेच रेटिंग तपासावं.

पट्टी धरायची ती अशा माणसावर: धडधाकट, थोड्याफार कॅश पाहिलेल्या, पण या जागेवर पहिल्यांदाच आलेला आणि हिंट न उघडलेला.

तिरकस

हिंट न उघडलेला कुठे राहिलाय आता? रॉट १३ (प्रत्येक अक्षराऐवजी तेरा घरं पुढचं अक्षर) हातानं सोडवायचो तेव्हा निदान अक्षरं बदलायला तरी वेळ जायचा. आता बोट लावलं की उघडते.

चकवा

वाटसरू, तुमचा ओढा राहिलाच. माझा नियम: टी हा वर्षातल्या बहुतेक दिवसांचा धरायचा, सर्वांत चांगल्या दिवसाचा नाही. ओढा बहुतेक कोरडा असेल तर तो टी मध्ये फारसा येत नाही, पण 'पाण्यातून चालावं लागू शकतं' हे ॲट्रिब्यूट हवंच. आणि पाण्याला जोर कधी असतो ते लिहा. गुडघाभर संथ पाणी आणि गुडघाभर वाहतं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाहत्यात पाय उचलला की दुसरा पाय सरकतो.

ओहोटीला चालत जाता येणाऱ्या बेटांवरून असेच वाद होतात. ओहोटीत टी ३, भरतीत बोट. तिथे टी ३ लिहून वेळ पाळा म्हणणं मला धाडसाचं वाटतं, कारण परतीची वेळ कुणी मोजत नाही.

खारूताई

ओहोटीबाबत +१. तिथे मी ५ लिहीन आणि ओहोटीची सवलत वर्णनात देईन.

वाटसरू

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल एका ओळखीच्या मुलीला घेऊन गेलो होतो, ती कॅशिंग करते पण ही जागा तिला नवी. हिंटशिवाय शोधायला सांगितलं आणि मी खाली ओढ्यात बसून राहिलो. चढणीवर तिने दोन्ही हात टेकले, एकदा पाय सरकून खाली आली. वर गेल्यावर भिंतीच्या चुकीच्या टोकापासून सुरुवात केली, रानवाटा म्हणाले तस्संच. तिचा फोन डब्यापासून बराच डावीकडे दाखवत होता. पंचवीस मिनिटं लागली. सापडल्यावर पहिलं वाक्य: "हा दगड इथला वाटत नाही, म्हणून कळलं." तेव्हा दगड बदलणार, भिंतीच्याच रंगाचा आणणार.

डी २.५, टी ३. पाण्यातून चालण्याचं चिन्ह लावलं. ओढ्याची ओळ वर्णनाच्या शेवटी आहे.

सोळाआणे

शेवटी नको. अगदी वर टाक. फोनवर कुणी खालपर्यंत जात नाही.

आणि दगड बदललास तर डी पुन्हा तपास. चांगला दगड डी अर्धी पायरी चढवतो.

चाकांवरून

वाटसरू, एक विनंती. तुमची पायवाट सुरुवातीला सपाट आहे म्हणालात. पहिल्या दोन-तीनशे मीटरात दुसरी एक कॅश टाकता येईल का, खरी टी १? दोन डब्यांमध्ये १६१ मीटर सुटले की पुरे, तुमची वरची तर दीड किलोमीटरवर आहे.

वाटसरू

कल्पना आवडली. सुरुवातीला एक बाक आहे, त्याच्या शेजारच्या लाकडी खांबावर टेबलाच्या उंचीला डबा बसू शकेल. वाट तिथवर घट्ट मातीची, खडी नाही. पण प्रवेशालाच लोखंडी फाटक आहे, एका वेळी एक माणूस जाईल असं.

चाकांवरून

त्याच्या बाजूला रुंद दार असतं बऱ्याचदा, कुलूप लावलेलं. ते उघडं असतं का आणि किती वेळ, बघून सांगा. अरुंद फाटकाची रुंदीही मोजा, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. दार बंदच असेल तर टी १.५ लिहा आणि खुर्चीचं चिन्ह लावू नका.

वाटसरू

रविवारी टेप घेऊन जातो.